उन्हाचे पाणी

२१ जानेवारी १९७९, रविवार

आज पंप सुरू झाला. मेहेंदळे साहेब पुण्याच्या संस्थेतून जीप घेऊन आले होते. विहिरीशेजारी लोखंडी सांगाडा उभा केला आणि त्यावर चोवीस पाट्या बसवल्या. प्रत्येक पाटीत काचेखाली निळसर काळ्या चकत्या आहेत. त्यांवर ऊन पडले की वीज होते, विजेवर पंप चालतो आणि विहिरीतले पाणी हौदात पडते. तेल नाही, धूर नाही, आवाजही बेताचाच. बावीस वर्षे फौजेत सिग्नलमध्ये बॅटऱ्या वाहिल्या. असे काही निघेल हे कोणी सांगितले असते तर मी हसलो असतो.

आटपाडीच्याही पुढची ही धनगरांची वस्ती आहे. दिवाळीनंतर बहुतेक घरे मेंढरांबरोबर बाहेर पडतात. मागे म्हातारी माणसे राहतात. मला जागा दिली आहे ती बनाबाईच्या घराला लागून. तिचा नवरा धुळा मेंढरे घेऊन कृष्णेच्या बाजूला गेला आहे. एरवी तीही जाते, पण या वर्षी सासू दगडाबाई हिच्या डोळ्यांना दिसेनासे झाले म्हणून थांबली.

साहेबांनी भर दुपारी मीटरचा काटा दाखवला. आठ अँपिअर. म्हणाले, "हवालदार, ऊन स्वच्छ असलं तर बाराच्या सुमाराला काटा आठवर यायलाच हवा. खाली राहिला तर कारण शोधायचं. दिवस मावळायच्या आत हौद भरला पाहिजे. पाडवा झाला की मी येईन. भरत नसेल तर हे सगळं उतरवून खंडाळ्याकडे न्यायचं, वरून तसं पत्र आहे. तिकडे पाणी एवढं खोल नाही."

मग नारळ फोडला. दगडाबाईने चाचपत येऊन पहिल्या पाटीला कुंकवाचे बोट लावले. बनाबाईने तरवडाची पिवळी फुले आणली होती. साहेब हसले आणि जीपमध्ये बसले.

रोजची पूजा मीच करणार. यंत्र असो की बैल, जो राबतो त्याला हात जोडावा, असे मला लहानपणापासून शिकवले आहे.

२४ जानेवारी, बुधवार

सूर्य उगवायच्या आधी ओल्या फडक्याने काचा पुसतो. मग प्रत्येक पाटीला खालच्या अंगाला कुंकू आणि एक फूल. वाऱ्याने उडू नये म्हणून फूल चौकटीच्या कडेत खोचतो. माझ्या बायकोचा, चंद्राचा करंडा बरोबर आणला आहे. ती सवाष्ण गेली, तेव्हा त्यातले कुंकू वापरायला दोष नाही. तिने शिवणयंत्राला, जात्याला, माझ्या ट्रंकेलाही कुंकू लावले असते. लावतच असे.

काटा दुपारी पाचवर. हौद निम्मा.

२ फेब्रुवारी, शुक्रवार

काटा पाच, कधी साडेपाच. आभाळात ढगाचे नाव नाही.

साहेबांनी कोष्टक दिले आहे. सूर्य कोणत्या महिन्यात किती कलतो, त्याप्रमाणे सांगाड्याचे मागचे पाय वर-खाली करायचे असतात. काठी उभी करून दुपारची सावली पाहिली. एक भोक खाली सरकवले. बनाबाईने सांगाडा धरला, मी खिट्टी घातली. फरक पडला, पण काटा हलला म्हणावा इतकाच.

"दादा, आरशाला कशाला वाकवताय?" बनाबाईने विचारले. वस्तीवर सगळे यांना आरसे म्हणतात.

"सूर्याच्या तोंडाकडं तोंड पाहिजे."

"मान आवघडंल की त्याची."

ती पुष्कळ वेळा अशी बोलते आणि मग लगेच रस्त्याकडे पाहते.

११ फेब्रुवारी, रविवार

वस्तीवर रविवारी बिरोबाचा भंडारा उधळतात. पाट्यांवरही थोडा उधळला. मी दुपारी पुसून काढला. तरी काटा चारावर.

संध्याकाळी बनाबाई भाकऱ्या करते तेव्हा एक जास्त थापते. ती शिंक्यावर ठेवते. सकाळी ती भाकरी कुत्र्याला मिळते. मी तीन आठवडे पाहतो आहे. आज न राहवून म्हणालो, "धुळा एवढ्यात यायचा नाही ना?"

"न्हाई की. फाल्गुनात येईल."

"मग भाकरी कुणाची?"

"तेंचीच. आले तर काय उपाशी निजवू?"

दगडाबाई आतून म्हणाली, "माजा न्हवरा बी आसाच फिरायचा. मी न्हाई कवा भाकरी ठेवली. आला की थापायची. हिचं कायतरी येगळंच."

यात विचार करण्यासारखे काही नाही. पण आज झोप लागेना म्हणून लिहिले.

२५ फेब्रुवारी, रविवार

महाशिवरात्र. उपास. फुलांबरोबर प्रत्येक पाटीला बेलाचे पानही वाहिले. ओंकाराचा जप करून सांगाड्याभोवती पाच प्रदक्षिणा घातल्या.

काटा तीनवर. पंप घसा बसल्यासारखा घरघरला आणि दोन वाजता थांबला. हौदाच्या तळाला पाणी.

माझ्या भक्तीत काही कमी असेल. दुसरे कारण सापडत नाही. तारा सोडून पुन्हा जोडल्या, टोके घासली, पंपाचा गाळ काढला, कोष्टक तीनदा पाहिले. साहेबांचे कार्ड आले होते, "काचा रोज पुसता ना?" रोज पुसतो, असे उत्तर पाठवले आहे.

५ मार्च, सोमवार

धुळा आला. दुपारी टेकडीवर धूळ दिसली आणि बनाबाई हातातली घागर तशीच ठेवून पदर सावरत उभी राहिली. पुढे गेली नाही. तो जवळ आला तर म्हणाली, "लय वाळलायसा." तो म्हणाला, "पाणी दे." एवढेच बोलणे. मी हौदामागे होतो, मला उगाच संकोच वाटला.

दोनशेच्या वर मेंढरे आहेत. धुळा हौदात डोकावला, मग पाट्यांकडे पाहून म्हणाला, "हवालदार, एवढं आरसं लावलंयसा, तोंड बघायला व्हय?"

रात्री जेवताना त्याचे म्हणणे नीट ऐकले. शाळूची धाटे शेतात उभी आहेत, ओढ्याकाठी बाभळीच्या शेंगा गळायला लागतील. पाऊस लागेपर्यंत मेंढरांचे पोट इथे भरेल, पण पाणी नाही. विहिरीला पाणी आहे, ते दोरीने चाळीस फुटांवरून दोनशे मेंढरांना कोण ओढणार? म्हणून त्याला परत कृष्णेकडे जावे लागते. तिकडून पाऊस लागल्यावरच येणे होते.

"पाडव्यापत्तुर थांबतो," तो म्हणाला. "हौद भरला तर ऱ्हातो. न्हाई तर घोड्यावर बिऱ्हाड."

बनाबाई कालवण वाढत होती. तिने माझ्याकडे पाहिले, जणू काटा माझ्या बोटावर आहे.

९ मार्च, शुक्रवार

दुपारी निरोप आला. आष्ट्याला चुलतभाऊ भाऊसो वारला. लगेच निघालो. बनाबाईला सांगितले, काचा पूस आणि बटण चालू-बंद कर, एवढेच. पूजेला कोणी हात लावू नये. मला सुतक आहे, माझ्या वतीने केलेली चालणार नाही.

१२ मार्च, सोमवार

सावडून परत आलो. साहेबांचे काम थांबवता येत नाही म्हणून भाऊकीने सोडले. दहाव्याला पुन्हा जाईन.

आष्ट्याला ऊस तुटतो आहे, पाटात पाणी आहे, घराच्या मागे चिखल आहे. चंद्रा गेल्याला चार वर्षे झाली आणि मी पहिल्यांदा तिच्याविषयी कोणाकडून काही ऐकले. भाऊसोची लीलाबाई रडून थकली होती, भिंतीला टेकून बसली होती. मला म्हणाली, "भावजी, आता मला कळलं बगा. जाऊबाई रोज सांजच्याला शेवटच्या यष्टीला जायच्या. तुमची रजा कवा ते ठावं असायचं, तरी जायच्या. आमी हसायचो. इचारलं तर म्हणायच्या, मीठ आणायला आले व्हते."

घरात तेव्हा मिठाचे मडके भरलेले असे. दोन-तीन मडकी असत. रजेवर आलो की मी त्यावरून थट्टा करायचो, "दुकान काढतीस काय?" ती हसायची.

येताना गाडीत मन लागेना म्हणून नाम घेत बसलो. नामही लागेना.

१४ मार्च, बुधवार

काल होळी झाली. मी लांबूनच पाहिली.

सुतकात देवाला हात लावायचा नाही, पण काच पुसण्यात पूजा नाही. तेवढे करतो. बनाबाई सांगते की मी नव्हतो ते तीन दिवस हौद भरला. मला वाटले मला बरे वाटावे म्हणून म्हणते. आज दुपारी काटा पाहिला. आठ. पुन्हा पाहिला. आठ, किंचित वरच.

दिवस मावळायला अवकाश होता आणि पाणी हौदाच्या काठावरून सांडले.

१७ मार्च, शनिवार

चारही दिवस आठ. मेंढरे रांगेने पाणी पितात. धुळा काठीवर हनुवटी टेकून बघतो. आज म्हणाला, "हवालदार, आरसं चांगलं हाय तुमचं. ऱ्हातो मी. बाभळीला शेंगा बी लय हायत."

बनाबाई आत जाऊन चुलीपाशी बसली. धूर नसतानाही डोळे पुसत होती. दगडाबाईने विचारले, "काय झालं गं?" म्हणाली, "कुटं काय?"

भाऊसो गेला आणि इकडे पाणी आले. देवाचा हिशोब आपल्याला कळत नाही. सुतक संपले की मोठी पूजा करीन. माझ्यावर एवढी कृपा झाली आणि मी आठ दिवस हातही जोडले नाहीत.

१९ मार्च, सोमवार

दहावा करून आलो. अंघोळ केली. जानवे-बिनवे आम्हाला नाही, पण सोवळ्याने नवे धोतर नेसून पूजा केली. दर पाटीला कुंकवाचे मोठे बोट, दोन-दोन फुले, बेल. बनाबाईने तरवडाची फांदीच तोडून आणली. सांगाडा नवरदेवासारखा दिसत होता.

काटा चार.

धूसर हवेने असेल.

२२ मार्च, गुरुवार

काटा चार. हवा धूसर नाही. मेंढरे हौदाशी ओरडत उभी राहतात. धुळाने आणि मी दोरीने पाणी ओढले, माझ्या तळहाताची साले निघाली. आज सकाळी आणखी फुले वाहिली. पूजेत मन कमी पडते आहे, हे मला ठाऊक आहे. हात पाटीवर असतो आणि मी यष्टीच्या थांब्यावर असतो.

२४ मार्च, शनिवार

धुळा उद्या पहाटे निघणार. पाडव्यापर्यंतही थांबता येत नाही, दोन कोकरे मेली. मी म्हणालो, चार दिवस थांब.

"कशाच्या भरवशावर?" तो रागावला नव्हता, तेच लागले. "तुमचं आरसं सुतकात चालतंय आन् सुतक फिटलं की रुसतंय. जगात पोर जलमलं की लोक खूश, ह्याला मेलेलं लागतंय. रोज कुणाला मारायचं, हवालदार?"

सगळे हसले. मीही हसलो. बनाबाई बिऱ्हाडाची वाकळ बांधत होती, ती हसली नाही. तिने एकच भाकरी जास्त थापली आणि ती त्याच्या शिदोरीत बांधली.

२५ मार्च, रविवार

पहाटे मेंढरे गेली. घोड्यावर जाळी, भांडी, एक कोकरू. बनाबाई वस्तीच्या टोकापर्यंत गेली आणि तिथेच बसली.

मी काचा पुसल्या. करंडा उघडला. धुळाचे बोलणे डोक्यात घोळत होते. सुतकात चालते, फिटले की रुसते. सुतकात मी काय करत नव्हतो?

पहिल्या पाटीवर फूल धरले आणि थांबलो. मग दिवस वर येईपर्यंत थांबलो, फुलांची टोपली मांडीवर घेऊन, पूजा न करता. दहाच्या सुमाराला मीटरपाशी एका जुन्या पाटावर बसलो. काटा सहावर होता आणि चढत होता. उठून प्रत्येक पाटीला नेहमीसारखे फूल खोचले, कुंकू लावले. परत येऊन पाहिले. तीन. ऊन तेच.

एकेक फूल काढत गेलो. कुंकू ओल्या फडक्याने पुसत गेलो. शेवटच्या पाटीनंतर काटा पुन्हा सहाच्या वर.

मी खाली बसलो. पाटीतल्या चकत्या एकामागे एक जोडलेल्या आहेत, बॅटरीतल्या सेलसारख्या. एक झाकली की तिच्यामागच्या सगळ्या अडून बसतात. बॅटरीत एक सेल मेला की दिवा लागत नाही, हे मी फौजेत नव्या पोरांना बावीस वर्षे शिकवले. तेच माझ्या डोळ्यांसमोर दोन महिने होते. फूल म्हणून मला त्याची सावली दिसलीच नाही.

दगडाबाईला सांगितले. ती मोठ्याने हसली. "आरं बाबा, द्येवाच्या डोळ्यात कुकू घालत व्हतास व्हय?"

"पहिलं बोट तुम्हीच लावलं होतं, आई."

"मला दिसत न्हाई. तुला दिसत व्हतं की!"

हौद दिवस मावळायच्या आत भरला. पाण्यापाशी एकही मेंढरू नव्हते. बनाबाईने हौदात हात बुडवला आणि घरात गेली.

२७ मार्च, मंगळवार

काल पहाटेच धुळामागे निघालो. मेंढरांच्या लेंड्यांवरून माग काढत गेलो. गुडघे बोलायला लागले. दुपारी एका ओढ्यात तो सापडला, ओढा कोरडा होता.

सगळे सांगितले. तो ऐकून म्हणाला, "आन् उद्या पुन्यांदा रुसलं तर?"

"नाही रुसणार. चूक माझी होती, पाट्यांची नव्हती."

"एकदा फसलो, हवालदार. मागं फिरायचं म्हंजी मेंढरं दोन दिस उपाशी."

मी म्हणालो, "धुळा, माझ्यासाठी मागे फिर."

फौजेत अधिकाऱ्याशीही मी अशा आवाजात कधी बोललो नव्हतो.

"तुमाला एवढं काय पडलंय?"

साहेबांचे काम आहे, असे म्हणालो. खरे तर मलाही दुसरे सांगता येईना.

तो काठीने वाळू उकरत होता. मग म्हणाला, "ती काय म्हणती?"

"काही म्हणत नाही."

"तेच वाईट हाय," तो म्हणाला आणि म्होरक्या मेंढ्याला हाक मारली.

२८ मार्च, बुधवार

पाडवा. मेंढरे दुपारी पोचली. हौद भरलेला होता. पहिली मेंढरे वाकली आणि मागची त्यांच्या पाठीवर चढली, धुळा शिव्या देत आवरत होता. गुढी दगडाबाईच्या दारात. मी पूजा सांगाड्याच्या लोखंडी पायाशी केली, काचेला हात न लावता. देवाला चालत असेल. न चालायला कारण नाही.

३० मार्च, शुक्रवार

मेहेंदळे साहेब आले. काटा आठ, हौद काठोकाठ. मागचे आकडे पाहून त्यांनी विचारले तेव्हा सगळे सांगितले. मला वाटले हसतील. ते पाटीपाशी गेले आणि बोट ठेवून काटा पाहून आले. "झाडाची, भिंतीची सावली पडू देऊ नका, एवढं आम्ही सगळ्यांना सांगतो. फुलाचं आमच्या डोक्यातच आलं नाही," म्हणाले. सांगाडा इथेच राहील. मलाही वर्षभर ठेवले आहे.

बनाबाईने चहा केला. साखर जास्त पडली होती. साहेबांनी दोनदा घेतला.

८ एप्रिल, रविवार

आज वस्तीवर भांडण झाले.

दिवे लागण्याच्या सुमाराला शेजारून बनाबाईचा आवाज आला. धुळाने कोयता कुठे तरी ठेवला होता आणि तो सापडत नव्हता. त्यावरून निघाले. "दिसभर घरात आसतासा, येक वस्तू जाग्याला ऱ्हात न्हाई!" "मग जाऊ काय कृष्णंकडं?" "जावा की! कुणी धरलंय?" "मेंढरं बरी, बोलत तरी न्हाईत." "मग त्यास्नी म्हणावं भाकरी थापा!" दगडाबाई मधेच म्हणाली, "हळू बोला, हवालदार ऐकतोय." बनाबाई म्हणाली, "ऐकू द्या!"

जाऊन समजूत घालावी असे क्षणभर वाटले. मग बसून राहिलो.

मी वर्षाला दोन महिने घरी असायचो. चंद्रा माझ्याशी एकदाही भांडली नाही. मी सगळ्यांना कौतुकाने सांगत असे, माझी बायको कधी आवाज चढवत नाही. आज लक्षात आले, रुसायला एक दिवस लागतो, समजूत काढायला दुसरा. तिच्याजवळ तेवढे दिवस कधी नव्हतेच.

कोयता वाकळेखाली सापडला. त्यावरून दोघे पुन्हा भांडले. मी दार उघडे ठेवले आणि शेवटपर्यंत ऐकले.